मोजणी झाली, उकल राहिली

‘अ‍ॅनालिटिक्स’ हा शब्द बँका आणि दुकानदारीच्या जगातून निघून शाळेच्या फाटकाच्या आत आला, त्याला आता काही वर्षे झाली. प्रशिक्षणाच्या पत्रकांत तो असतो, अ‍ॅपच्या जाहिरातीत असतो, आणि केंद्राच्या बैठकीत ‘तुमच्या शाळेचे अ‍ॅनालिटिक्स पाहिले का?’ असा प्रश्नही ऐकू येतो. प्रश्नाचा अर्थ बहुधा इतकाच असतो की, तुम्हीच भरलेली माहिती रंगीत स्तंभांच्या रूपात तुम्हाला परत दाखवली आहे, ती पाहिली का? यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका प्रशिक्षणात पडद्यावर सोळा तालुक्यांचे सोळा स्तंभ उभे होते. कोणता उंच, कोणता ठेंगणा हे सांगून झाले आणि पुढचे चित्र आले. ठेंगणा का, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. चहाच्या वेळी मात्र त्यावरच बोलणे चालले होते.

एका शब्दावरून एवढा खल कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण विज्ञान शिकवणाऱ्याला शब्दांबाबत बेफिकीर राहून चालत नाही. वस्तुमान आणि वजन, उष्णता आणि तापमान यांची गल्लत आपण मुलांना करू देत नाही. कारण शब्दांची गल्लत झाली की विचारांची होते. मोजणे आणि उकलणे यांची गल्लत त्याच जातीची आहे. आमच्या मते ती अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे अर्धवट राहिलेले काम पूर्ण झाल्यासारखे वाटते.

मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ सैल करणे, उसवणे, उकलणे असा आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात पेनेलोपी ही राणी दिवसभर मागावर वस्त्र विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात ते उसवून टाकते. तिथे कवीने हेच क्रियापद वापरले आहे. कापसाच्या जिल्ह्यात याचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये. विणलेले उसवायचे म्हणजे कोणता धागा कोणत्या धाग्याखालून गेला आहे हे पाहावे लागते. कापड गजाने मोजणे हे वेगळे काम, उसवणे वेगळे. गजाने मोजणाऱ्याला वीण पाहावी लागत नाही.

आपला ‘विश्लेषण’ हा शब्दही याच वळणाचा आहे. ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, बिलगणे. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटले की तो श्लेष अलंकार, हे आपण भाषेच्या तासाला शिकवतो. प्रकाशसंश्लेषणात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून नवा पदार्थ जुळून येतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकवतो. त्याच्या उलट, चिकटलेले सुटे करणे ते वि-श्लेषण. जुन्या पुस्तकांत यासाठी ‘पृथक्करण’ हा शब्द अधिक असे. व्याकरणात तो ‘वाक्यपृथक्करण’ या रूपाने उरला आहे.

हे वाक्यपृथक्करण आम्हाला फार उपयोगाचे वाटते. ‘वेचणीला गेलेली मुले दुपारनंतर शाळेत आली’ हे वाक्य घ्या. यात सहा शब्द आहेत, असे सांगितले तर ती गणना झाली. ती बरोबर आहे, परंतु तिला कोणी परीक्षक गुण देणार नाही. ‘मुले’ हे उद्देश, ‘आली’ हे विधेय, ‘वेचणीला गेलेली’ हा उद्देशविस्तार, ‘दुपारनंतर’ आणि ‘शाळेत’ हा विधेयविस्तार, असे सांगितले तर ते पृथक्करण. शब्द तेच सहा; पण आता कोणता शब्द कोणासाठी काय काम करतो हे कळले. भाग सुटे झाले आणि त्यांचे नातेही दिसले. ही दुसरी गोष्ट नसेल तर नुसते सुटे करणे म्हणजे मोडतोड.

‘अ‍ॅनालिटिक्स’ या नावाचे पहिले ग्रंथ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले, अ‍ॅरिस्टॉटलचे. ते दोन आहेत. पहिल्यात अनुमानाची रूपे आहेत. दुसऱ्यात शास्त्रीय ज्ञान कशाला म्हणावे याचा विचार आहे. या दुसऱ्या ग्रंथात त्याने दिलेले एक उदाहरण आठवी-नववीच्या वर्गात जसेच्या तसे वापरता येईल. ग्रह लुकलुकत नाहीत, तारे लुकलुकतात. जे लुकलुकत नाही ते जवळ असते; ग्रह लुकलुकत नाहीत; म्हणून ग्रह जवळ आहेत. हे अनुमान बरोबर आहे. पण न लुकलुकणे हे जवळ असण्याचे कारण नव्हे. खरा क्रम उलटा आहे. ग्रह जवळ आहेत, म्हणून ते लुकलुकत नाहीत. पहिल्या क्रमाने ‘असे आहे’ हे कळते, दुसऱ्याने ‘असे का आहे’ हे कळते. दोन्हींत विधाने तीच असली तरी अ‍ॅरिस्टॉटलच्या मते खरे शास्त्रीय ज्ञान दुसऱ्यात आहे. आज आपण त्यात भर घालू शकतो. जवळचा ग्रह आपल्याला बिंदूसारखा न दिसता लहानशा चकतीसारखा असतो. चकतीच्या निरनिराळ्या बिंदूंकडून येणारे किरण हवेच्या हालचालीने वेगवेगळे डळमळतात आणि त्यांची सरासरी होऊन प्रकाश स्थिर वाटतो. दूरचा तारा म्हणजे एकच बिंदू, त्यामुळे त्याचे डळमळणे लपत नाही. सांगायचे ते एवढेच, की या शब्दाच्या पहिल्या पुस्तकातच ‘काय’ आणि ‘का’ यांच्यामध्ये रेघ ओढलेली आहे.

पुढे हा शब्द गणितात, रसायनशास्त्रात आणि तत्त्वज्ञानात फिरला. वैश्लेषिक भूमिती, वैश्लेषिक रसायनशास्त्र हे आपले परिचयाचे शब्द. चार्ल्स बॅबेजने १८३७ च्या सुमारास कल्पिलेल्या यंत्रालाही त्याने हेच विशेषण लावले होते. आजचा अर्थ मात्र फार जुना नाही. गूगलने नोव्हेंबर २००५ मध्ये संकेतस्थळाला किती जण भेट देतात, कुठून येतात, किती वेळ थांबतात हे मोजण्याची सोय ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ या नावाने खुली केली. २००६ मध्ये टॉमस डेव्हनपोर्ट यांचा ‘काँपीटिंग ऑन अ‍ॅनालिटिक्स’ हा लेख आला आणि व्यापारी जगात हा शब्द परवलीचा झाला. शिक्षणात तो लगेच शिरला. ‘लर्निंग अ‍ॅनालिटिक्स’ या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०११ मध्ये कॅनडातल्या बान्फ येथे भरली. (मराठीत ‘विश्लेषिकी’ असा प्रतिशब्द सुचवला जातो. भौतिकी, सांख्यिकी, यामिकी यांच्या पंगतीत तो शोभतो. त्याला आमचा विरोध नाही. नाव चांगले असले की काम चांगले होते असे मात्र नाही.)

या विद्येच्या जाणकारांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, त्यांच्या पुस्तकांत चार पायऱ्या असतात: काय घडले, का घडले, काय घडेल, काय करावे. दुसऱ्या पायरीला ते निदानाची पायरी म्हणतात. डी.एड.ला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. आमचा आक्षेप त्या पुस्तकांवर नाही. व्यवहारात पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी मारली जाते आणि दुसरी पायरी चुकवलेल्या या उडीलाच विश्लेषण म्हटले जाते, यावर आहे.

या चुकलेल्या पायरीची किंमत काय असते, हे यवतमाळइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला ठाऊक असेल? हा जिल्हा वीस-पंचवीस वर्षे देशाच्या वृत्तपत्रांत आला तो प्रामुख्याने एका आकड्याच्या रूपाने. शेतकरी आत्महत्यांचा तो आकडा. देशपातळीवर हा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग १९९५ पासून वेगळा देऊ लागला. २०१३ साली तो ११,७७२ होता. २०१४ साली ‘शेतकरी’ या सदरात ५,६५० आला. निम्म्याहून कमी! स्तंभालेख काढला तर एका वर्षात केवढी सुधारणा दिसेल. पण त्या वर्षी नोंदीची पद्धत बदलली होती. शेतकरी आणि शेतमजूर अशी दोन सदरे केली गेली आणि शेतमजुरांच्या सदरात ६,७१० मृत्यू होते. दोन्हींची बेरीज १२,३६०. आधीच्या वर्षाची आणि या वर्षाची सदरे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून या बेरजेवरूनही ‘वाढ झाली’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ‘निम्मे झाले’ असे तर मुळीच म्हणता येत नाही. सदरे वेगळी करणे हे वास्तविक विश्लेषणाकडे टाकलेले पाऊल होते. ते न पाहता जो नुसता स्तंभ वाचतो, त्याला त्याच पावलामुळे चकवा बसतो.

जिल्ह्याच्या नोंदीत आणखी एक भेद असतो: ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते. जमीन कुटुंबाच्या नावे आहे का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, अशा कसोट्या लावते आणि मदतीसाठी पात्र की अपात्र हे ठरवते. मदत देण्यासाठी काही तरी कसोटी हवी हे मान्य. परंतु हा भेद मदतीचा आहे, कारणांचा नाही. दुसऱ्याची जमीन मक्त्याने करणारा, किंवा नातेवाइकाकडून, बिनपरवाना सावकाराकडून उसने घेतलेला माणूस कागदावर अपात्र ठरू शकतो. त्याच्या कपाशीला भाव न मिळण्याचे कारण त्यामुळे बदलत नाही. पात्र-अपात्रांचे तक्ते पुढे ठेवून त्यांनाच ‘कारणमीमांसा’ म्हटले गेले की आम्हाला तो शब्दाचा दुरुपयोग वाटतो.

पण आमच्या मुद्द्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण २०१७ सालचे आहे. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत वृत्तपत्रांत रोज नवा आकडा येत होता. मोजणी चोख चालू होती. मोजले जात होते ते ‘विषबाधा’ या एका शब्दाखाली. आता त्या शब्दाच्या आत काय होते ते पाहू.

त्या नोव्हेंबरात राज्य शासनाने यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली द्रव्ये होती. ही शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूला संदेश गेला की तो संदेश देणारा पदार्थ हे विकर लगेच मोडून टाकते; विकर बंद पडले की संदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली आकसते, श्वास अडतो. यावर अ‍ॅट्रोपिन देतात, आणि रक्तातले कोलिनेस्टरेज किती उरले आहे हे तपासून बाधेची खात्री करता येते. पण त्याच यादीत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड आणि डायाफेंथियुरॉन ही द्रव्येही होती. ती या गटातली नाहीत. त्यांची काम करण्याची रीत वेगळी, आणि कोलिनेस्टरेजच्या तपासणीत ती ओळखूही येत नाहीत. शिवाय शेतकरी अनेकदा दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळतात. म्हणजे एका खाटेवरच्या माणसाची विषबाधा आणि शेजारच्या खाटेवरची विषबाधा ही एकच गोष्ट असेल असे नव्हते. ती वेगळी करण्याचा पहिला मार्ग रक्त तपासणे हा होता. आणि कोलिनेस्टरेजच्या त्या तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी तेव्हा नव्हती, हे पुढे उघड झाले. रोजचा आकडा हाती होता, पण खरोखरीचे, प्रयोगशाळेतले, त्या शब्दाच्या अगदी मूळ अर्थाचे विश्लेषण नव्हते.

कारणांबाबतही तेच. त्या वर्षी अनेक शिवारांत कपाशी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. बॅटरीचे नवे पंप अधिक बारीक तुषार अधिक वेगाने सोडत होते. हवा दमट आणि उष्ण होती. अशा हवेत तोंडाला फडके बांधून राहणे कठीण. मिश्रणे शिफारशीबाहेरची होती. अळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या होत्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली शासनाने विशेष चौकशी पथकही नेमले. या प्रत्येक कारणाचा वाटा किती, हे कळायचे तर बाधित माणसाकडे आणि त्याच शिवारात तेच औषध फवारून बाधा न झालेल्या माणसाकडेही जायला हवे. पंप कोणता, झाड किती उंच, वारा कुठून, अंगावर काय होते, त्या दिवशी कितवी टाकी होती, हे दोघांनाही विचारायला हवे. बाधा न झालेल्याला विचारायचे, हे आपल्या नेहमी ध्यानात राहत नाही. पण तुलना त्याच्याशिवाय होतच नाही. कुंडीतले एक रोप अंधारात ठेवून दुसरे उजेडात ठेवतो ते याचसाठी.

आता शाळेकडे वळू. यूडायसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरली जाते. त्याआधी राज्यात ‘सरल’ होतेच. शिक्षकांचा किती वेळ त्यात जातो याविषयी वाचकांना आम्ही काय सांगावे! माहिती जमते याला आमची हरकत नाही. पण तिचे पुढे होते काय? समजा, पडद्यावर दिसले की दिवाळीनंतर अमुक शाळेची हजेरी घसरते आणि ज्यांची हजेरी कमी त्यांचे गुणही कमी. लगेच निष्कर्ष येतो की हजेरी वाढवा, गुण वाढतील. आणि कमी हजेरीच्या मुलांच्या नावापुढे ‘गळतीचा धोका’ असा लाल ठिपका लागतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रहांसारखे इथेही विचारायला हवे, की बाण कोणत्या दिशेने जातो? मूल शाळेत येत नाही म्हणून मागे पडते, की वर्गात काही कळत नाही म्हणून यायचे टाळते, की या दोन्हींच्या मागे तिसरेच काही आहे?

केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव या भागांतल्या शिक्षकाला ते तिसरे ठाऊक असते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, दिवसावर नव्हे. घरातले जितके हात शेतात, तितके वजन अधिक. म्हणून मोठी मुले जातात. आणि ज्या घरात तान्हे मूल आहे तिथली दहा-बारा वर्षांची मुलगी त्याला सांभाळायला घरी थांबते. ती वेचणीला जात नाही, तरी गैरहजर वेचणीमुळेच असते. पाऊस लांबला तर पहिली वेचणी लांबते आणि गैरहजेरीचे आठवडेही सरकतात. फरदड ठेवली तर ती पुढे वाढते. काही तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांची गैरहजेरी सलग महिन्यांची असते, वेचणीवाल्यांची तुटक. पडद्यावरच्या एका ठेंगण्या स्तंभात ही तीन-चार निरनिराळी मुले एकाच रंगात रंगवलेली असतात. उपायही त्यामुळे एकच निघतो, आणि तो बहुधा कोणालाच लागू पडत नाही. हंगामी वसतिगृह ऊसतोडीवाल्यांच्या कामाचे. धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीला ते निरुपयोगी. तिच्यासाठी वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालू राहणे अधिक मोलाचे.

मघाच्या वाक्याकडे पाहा. ‘मुले’ आणि ‘आली’ एवढेच यंत्रात भरले जाते. ‘वेचणीला गेलेली’ हा उद्देशविस्तार आणि ‘दुपारनंतर’ हा विधेयविस्तार गळतात. हजेरी दुपारी घेतली तर मूल हजर, सकाळी घेतली तर गैरहजर. यंत्राचा यात दोष नाही. त्या जागेसाठी रकानाच ठेवलेला नाही.

जुन्या हजेरीपटाला शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असे. त्यात गुरुजी बारीक अक्षरात लिहीत: ‘वेचणीस’, ‘मामाकडे’, ‘ताप’, ‘भाऊ लहान’. त्या शेऱ्यांची कोणी बेरीज केली नाही, कारण ती करणे सोपे नाही. आज ते काम अवघड राहिलेले नाही. उलट असे विखुरलेले शब्द गोळा करून त्यांचे गट पाडणे हे संगणकाला चांगले जमते. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. येत्या हंगामात नोव्हेंबर ते जानेवारी असे तीन महिने रोजच्या गैरहजेरीपुढे दोन-तीन शब्दांचा शेरा स्वतःच्या वहीत लिहावा, आणि जी मुले त्याच वस्तीतली असून नियमित येतात त्यांच्या घरी काय वेगळे आहे तेही टिपावे. सोबत गावात पहिली वेचणी कोणत्या आठवड्यात झाली आणि वेचणीचा किलोचा दर काय होता, हे लिहावे. मुलांची आणि गावांची नावे गाळून या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. दहा-बारा शाळांच्या आल्या तरी त्या शेजारी-शेजारी मांडून उन्हाळ्याच्या अंकात छापू. कोणत्या नोंदींवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे त्या वेळी सर्वांनी मिळून पाहू.